दोन पोकळ गिटारी आणि सुमनताईंची पट्टी

या अंकाचे संपादक माझ्या दुकानाची पायरी चढून आले आणि व्यवसायाविषयी काही लिहा म्हणाले, तेव्हा ते शेजारच्या दुकानाऐवजी चुकून माझ्याकडे आले असावेत असे मला वाटले. शेजारी बँडवाल्यांचे गणवेश शिवणारे एक गृहस्थ आहेत. त्यांच्याजवळ तीन पिढ्यांच्या आठवणी आहेत, आणि त्या सांगण्याचा उत्साहही. माझे तसे नाही. वाद्यदुरुस्तीच्या धंद्यात माणसे मिसरूड फुटण्याआधी हाती कानस धरतात; मी धरली ती केस पिकल्यावर. त्यापूर्वीचे माझे आयुष्य नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले. बियाण्यात ओलावा किती आहे हे मोजणे, हे माझे काम. कापसाच्या सरकीपासून मिरचीच्या बीपर्यंत सगळे माझ्या टेबलावरून जात असे, आणि मी दिवसभरात फारसे कोणाशी बोलत नसे. दोन्ही गोष्टी मला मानवत होत्या.

जालन्यातल्या मस्तगडात हार्मोनियम दुरुस्त करणारे एक वयोवृद्ध उस्ताद होते. वडिलांची जुनी पेटी घेऊन मी त्यांच्याकडे गेलो होतो. पट्ट्या पावसाळ्यात अडकतात आणि उन्हाळ्यात खडखडतात, अशी तिची तक्रार होती. लाकूड हवेतला ओलावा कसा घेते आणि सोडते याविषयी मी दोन वाक्ये बोललो असेन. उस्तादांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "साहब, बसा जरा. हे मला कोणी बराबर समजावून सांगितलं न्हाई आजपर्यंत." मी बसलो. नोकरी सोडल्यानंतर तर रोजच बसू लागलो. त्यांनी मला हाताचे कसब दिले, मी त्यांना आर्द्रतामापक दिला. ते गेल्यावर त्यांच्या मुलांनी दुकान माझ्याकडेच ठेवले. एवढीच माझी परंपरा.

आमच्या भागात वाद्यांचा खरा शत्रू हवा आहे. एप्रिल-मे महिन्यांत जालन्याची हवा लाकडातला ओलावा ओढून घेते. सांधे सुटतात, फळ्या तडकतात. लोकांना हे समजते, पण त्यावर जे उपाय होतात ते पाहून मी अनेकदा थक्क झालो आहे. पुष्कळ जण वाद्य कूलरच्या समोर ठेवतात. दिवसा भिजलेले आणि संध्याकाळी वाळलेले लाकूड मग पापडासारखे वळते. पण सगळ्यांत लक्षात राहिले ते मंठ्याकडचे त्र्यंबकराव. मोठे शेतकरी, स्वच्छ पांढरे कपडे, आणि काखेत मुलीची गिटार. साधी, मध्ये गोल भोक असलेली.

"आवाज बसला हिचा," ते म्हणाले. "दम्याच्या पेशंटवानी करून राह्यली."

मी गिटार हातात घेऊन हलवली. आत सळसळ झाली.

"आत काय आहे?"

"काय न्हाई. कडुनिंबाचा पाला."

"गिटारीत?"

"मंग? पोरगी पुण्याला गेली शिकायला. जाताना म्हणली, बाबा, संभाळा. आमच्यात कोणतीबी चीज संभाळायची तर पाला घालूनच संभाळतेत. ज्वारीला भुंगा लागतो, हिला लागणार न्हाई का? लाकूडच हाय ना शेवटी."

लांब चिमट्याने तो पाला काढण्यात माझी सकाळ गेली. त्यांनी तो अगदी मनापासून, ठासून भरला होता. शेवटचे पान निघाल्यावर मी सहज एक तार छेडली. दुकानभर आवाज पसरला आणि त्र्यंबकराव एक पाऊल मागे सरले.

"पोटातून बोलती का ही?"

"हो. पोट रिकामे असले तरच बोलते."

ते वाकून त्या भोकात डोकावले. "म्हणजे पोरीच्या गिटारीच्या तोंडात मीच बोळा कोंबल्ता," ते हळूच म्हणाले. जाताना दारातून वळून विचारले, "अन् भुंगा लागला तर?"

"लागला तर मला फोन करा."

"बराबर. पण पोरीला काही बोलू नका."

हा प्रसंग मी हसण्यासाठी सांगितला नाही. पुढे एका अवघड निवडीच्या वेळी तो माझ्या मनात पुन्हा उभा राहिला. म्हणून आधी सांगून ठेवला.

आता गौतमरावांविषयी. गौतमराव जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. ते मला सर म्हणत, मी त्यांना सर म्हणे, त्यामुळे आमच्या संभाषणात तिसऱ्या माणसाचा गोंधळ होई. त्यांच्या पत्नी सुमनताई भीमगीते गायच्या. परतूरपासून भोकरदनपर्यंत ज्या वस्तीत बुद्धविहार आहे तिथे त्यांचा आवाज पोहोचला होता, आणि त्यांच्यामागे उभे राहून गिटार वाजवण्यात गौतमरावांचे सगळे तारुण्य गेले होते. पुढे सुमनताईंच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली. गाठ निघाली, प्रकृती सुधारली. आवाज मात्र बारीक झाला. डॉक्टरांनी गाण्यास मनाई केली नव्हती, जोर लावण्यास केली होती. पण जोर न लावता गायचे कसे, हे सुमनताईंना कधी शिकावेच लागले नव्हते. गेल्या दोन जयंत्यांना त्या मंचाऐवजी समोर बायकांच्या रांगेत बसल्या.

"या जयंतीला ती गायली न्हाई तर परत गाणार न्हाई, सर," गौतमराव मला म्हणाले. "तिला खुर्चीची सवय होऊन राह्यली."

त्यांचे म्हणणे असे होते की दोष त्यांच्या गिटारीचाही आहे. ती होती भरीव लाकडाची विजेची गिटार. तिचा आवाज पत्र्यावर खडे पडावेत तसा टणक, आणि तो सुमनताईंच्या बारीक आवाजावर जाऊन आदळतो. त्यांना हवी होती पोकळ अंगाची विजेची गिटार. वाचकांना फरक सांगतो. भरीव गिटार म्हणजे एक सलग फळी. तिच्या तारांखाली चुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे बसवलेले असते. त्याला पिकअप म्हणतात. तार थरथरली की पिकअप ती थरथर विजेत उतरवतो आणि स्पीकर ती मोठी करून ऐकवतो. पोकळ गिटारीलाही पिकअप असतो, पण तिचे अंग व्हायोलिनसारखे आतून रिकामे, वरची फळी फुगीर, आणि फळीवर इंग्रजी एफ अक्षरासारख्या दोन फटी. तिचा आवाज गोल आणि मऊ असतो. गाणाऱ्याच्या खाली तो अंथरता येतो.

अशा दोन गिटारी त्यांनी मिळवल्या होत्या. एक अमेरिकेत बांधलेली, जुनी. संभाजीनगरात हॉटेलांतून वाजवणाऱ्या एका दिवंगत वादकाच्या पत्नीकडची. "वाजवून पाहा, नाही पटली तर सांभाळून परत आणा," एवढ्याच बोलीवर त्या बाईंनी ती दिली. दुसरी कोरियात बांधलेली, नवीन. पुण्याच्या दुकानातून परत करण्याच्या अटीवर आणलेली. अमेरिकेतल्या विक्रेत्यांच्या जाहिरातींत अशा बाहेरदेशी बनलेल्या गिटारीला 'इंपोर्टेड' म्हणतात, आणि त्यांचे पाहून आपल्याकडचे लोकही म्हणतात.

"पण दोन्हीही जालन्यात बनल्या न्हाईत, सर," गौतमराव म्हणाले. "मंग एकच कशी इंपोर्टेड?"

दोन्ही गिटारी मी ठेवून घेतल्या. कोणती घ्यावी ते तुम्ही सांगा, असे ते म्हणाले. दुसऱ्याच्या वतीने ठरवण्याचे काम मी आयुष्यभर टाळत आलो आहे.

मी मला येते ते केले, तपासणी. नवी गिटार प्रथम घेतली. तिच्यात दोष शोधूनही सापडेना. दांडीवरच्या धातूच्या पट्ट्या, म्हणजे पडदे, एका पातळीत, सांधे निर्मळ, रंग आरशासारखा. वरची फळी पातळ थर चिकटवून, साच्यात दाबून फुगवलेली. म्हणजे एका परीने प्लायवुडच. हा शब्द लोक नाक मुरडून उच्चारतात. मला मात्र त्यात आडव्या-उभ्या थरांची शिस्त दिसली. जालन्याचा मे महिना या फळीचे फारसे काही बिघडवू शकणार नव्हता.

मग जुनी, अमेरिकन. तिच्या पडद्यांची टोके हाताला लागत होती. एका बाजूचे वार्निश बोटांनी झिजून लाकूड उघडे पडले होते. पण वरची फळी अखंड होती. जाड लाकडाचा एकेक पापुद्रा छिन्नीने काढत, मध्ये जाड आणि कडेला पातळ अशी ती कोरून काढली होती. दंतवैद्याचा छोटा आरसा फटीतून आत सरकवून मी पाहिले. आतल्या अंगावर छिन्नीचे बारीक चरे तसेच राहिले होते. जो भाग कोणाला कधीच दिसणार नव्हता, तिथे कोणा तरी दूरदेशीच्या माणसाने इतका वेळ दिला होता. मी बोटाच्या पेराने फळीवर हलकेच टिचकी मारली आणि गिटार बोलली. लाकूड वाजल्यासारखे वाटले नाही. कोणी तरी 'हं' म्हटल्यासारखे वाटले. मी आजूबाजूला पाहिले. दुकानात कोणी नव्हते. मी पुन्हा टिचकी मारली, आणि मग आरसा बाजूला ठेवून दिला. धंदा शिकून इतका काळ झाला होता, तरी लाकडाची इतकी भीड मला पूर्वी कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी गौतमरावांनी दोन्ही वाजवल्या, वीज न जोडता. कोरियन गिटारीचा आवाज नम्र, हातभर अंतरापुरता. अमेरिकन गिटारीने खोली भरून टाकली. गौतमरावांनी डोळे मिटले आणि ते उघडले तेव्हा निवड झालेली होती, हे मला कळले.

पण मंचावर वीज जोडावीच लागते. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही विहाराच्या सभागृहात मोठे स्पीकर लावून पाहिले. जयंतीला ध्वनी सांभाळणारा प्रशांत तिथे होता. अमेरिकन गिटार जोडली, आवाज मंचाएवढा वाढवला, आणि गौतमरावांनी तारेला हात लावण्याच्या आत ती हंबरू लागली. आधी खोल, मग चढत चढत असह्य शिट्टी. प्रशांतने बटण पिरगाळले.

"सर, ही गिटार हाय का भोंगा?"

कारण सोपे आहे. स्पीकरचा आवाज पोकळ अंगाला हलवतो, अंग तारांना हलवते, पिकअप ते पुन्हा स्पीकरकडे पाठवतो, आणि हे चक्र फिरत राहते. ज्या गिटारीची फळी जितकी जिवंत, तितकी ती लवकर हंबरते. कोरियन गिटारही मंचाच्या आवाजाला किंचित घुमली, पण तिथेच थांबली.

मला त्र्यंबकराव आठवले. मी अमेरिकन गिटारीच्या दोन्ही फटींत मऊ कापडाचे बोळे बसवले. शिट्टी थांबली. पण गौतमरावांनी वाजवायला सुरुवात केली आणि फरक लगेच कळला. ती आता इतर कोणत्याही गिटारीसारखी वाजत होती.

मी माझा निर्णय सांगितला. अर्थात माझ्या पद्धतीने, "असे म्हणता येईल की" आणि "बहुधा" या शब्दांच्या आधाराने. मंचासाठी कोरियन घ्यावी. दुसरी मंचावर तोंड बंद करूनच चालेल, शिवाय इथल्या उन्हाळ्यात तिला रोज जपावे लागेल. गौतमराव मान हलवत राहिले. मुलीला स्थळ चांगले आहे हे पटूनही बापाने गप्प बसावे, तसे.

"एकदा सुमनला दाखवतो," ते म्हणाले. "जिच्यासाठी चालू हाय, तिनं पाह्यलंच न्हाई."

सुमनताई दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात आल्या. ठेंगणी मूर्ती, पदर खांद्यावरून घट्ट घेतलेला, गळ्यावर शस्त्रक्रियेची पुसट रेघ. गौतमरावांनी सगळी हकीकत सांगितली. बोळ्यांची गोष्ट निघाली तेव्हा त्यांनी हात वर केला.

"थांबा. हिचं तोंड बंद करायचं अन् मंग हिला माझ्याशेजारी उभी करायची?"

"शिट्टी मारते गं ती."

"मंग मारू द्या ना. मी बी तोंड बंद करूनच बसले दोन वर्षं. दोघी मिळून बसतो की समोरच्या रांगेत."

गौतमराव हसले नाहीत. मीही नाही. ताईंनीच मग आमची कीव केली आणि विषय बदलला. "वाजवा तरी. ऐकते."

"तू एक ओळ म्हण. त्याशिवाय कसं कळणार?"

त्या नको नको म्हणाल्या, दाराकडे पाहिले, आणि मग त्यांच्या नेहमीच्या काळी चार पट्टीत सुरुवात केली. पट्टी म्हणजे गाणारा आपला सा जिथे धरतो ती पेटीवरची जागा. उंच पट्टीत आवाज लांब जातो. ताई लग्नाआधीपासून काळी चारमध्येच गात आल्या होत्या आणि लोकांनी त्यांना त्याच पट्टीत ओळखले होते. दुसऱ्याच ओळीला स्वर फाटला. त्या थांबल्या, पाणी प्यायल्या, आणि मग गायचे म्हणून नाही, नुसता घसा मोकळा करावा तशा, मान खाली घालून खूप खालच्या सुरात गुणगुणू लागल्या.

माझ्या टेबलावर अमेरिकन गिटार आडवी पडली होती, बोळे काढलेली. तिला कोणाचा हात लागलेला नव्हता. ती गाऊ लागली.

इतका लहान आवाज होता की पंखा चालू असता तर तो ऐकूच आला नसता. ताईंचा सा आणि त्या सा-खालून निघणारी एक लांब, सोनेरी घूम. मी बोटे फळीवर टेकवली. लाकूड थरथरत होते, झोपलेल्या मांजरासारखे. यात चमत्कार नाही, हे मी शास्त्राचा विद्यार्थी म्हणून सांगायला बांधील आहे. त्या गुणगुणत होत्या पांढरी तीनमध्ये, आणि गिटारीच्या सहा तारांपैकी तीन तारा नेमक्या त्याच पट्टीचे सा आणि पंचम धरून असतात. समान स्वर कानी आला की तार आपोआप हलते. मला हे पाठ होते. तरीही मी फळीवरची बोटे उचलली नाहीत.

ताईंनीही ऐकले होते. त्या गप्प झाल्या. गिटार क्षणभर पुढे गात राहिली आणि मग विझली.

"कोण वाजवून राह्यलं?"

"कोणी न्हाई," गौतमराव म्हणाले.

ताईंनी पुन्हा तोच सूर लावला. गिटारीने पुन्हा उचलला. त्या काळी चारवर चढल्या. गिटार जवळजवळ गप्प. पुन्हा खाली आल्या, पुन्हा घूम. असे त्या किती तरी वेळ करत राहिल्या, एखाद्या लहान मुलाशी बोलावे तसे. आणि हळूहळू माझ्या लक्षात आले की त्या खालच्या पट्टीत त्यांचा आवाज फाटत नव्हता. तो रुंद होत होता. त्यात पूर्वीची धार नव्हती, पण वजन होते.

"इतक्या खाली कधी गायलेच न्हाई मी," त्या म्हणाल्या. "लोक म्हणतील, सुमन उतरली."

"म्हणू दे," गौतमराव म्हणाले. "दोन वर्षं लोक म्हणून राह्यले, सुमन संपली. त्याच्यापेक्षा उतरलेली बरी."

मला वाटले, आता ते अमेरिकनच घेणार. पण ताईंनी तिच्या अंगावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "हिला परत द्या. हिचं तोंड बंद करून मी हिला मंचावर नेणार न्हाई. दुसरीवर वाजवा. मी खालीच गाते." मी दिलेला सल्ला त्यांनी मानला होता, आणि मला त्याची किंचितही खुशी झाली नाही. गिटार परत नेऊन देताना संभाजीनगरापर्यंत मी ती मांडीवर धरून बसलो. तशी फळी पुन्हा माझ्या हाताखाली आलेली नाही, आणि येईल असे वाटत नाही.

जयंतीच्या संध्याकाळी मी मंचामागे, प्रशांतच्या शेजारी उभा होतो. गर्दीत समोर जाण्याचे धैर्य मला होत नाही. सुमनताई माइकसमोर आल्या तेव्हा टाळ्या पडल्या, पण त्यांनी सूर लावला आणि पुढच्या रांगा बुचकळ्यात पडल्या. ओळखीचे गाणे इतक्या खाली त्यांनी कधी ऐकले नव्हते. कोणी तरी म्हणाले, "आवाज वाढवा." प्रशांतने वाढवला. ताईंचा चेहरा मला दिसत नव्हता. मान दिसत होती, आणि ती ताठली. एक क्षण मला वाटले, त्या काळी चारवर चढणार आणि तिथे पुन्हा फाटणार.

तेवढ्यात गौतमरावांनी तारांवरचा हात उचलला. वाजवणे थांबवले आणि तारा मोकळ्या सोडल्या.

मैदानातल्या स्पीकरांमधून ताईंचा सा येत होता. तो त्या कोरियन गिटारीच्या अंगावर आदळला, तारांना पोहोचला, पिकअपने उचलला आणि पुन्हा मैदानात सोडला. अख्ख्या मैदानाखाली एक घूम पसरली, दहा तानपुरे एकदम जुळावेत तशी. माझ्या दुकानात जे टेबलाएवढे होते ते आता विहाराच्या भिंतीपासून रस्त्यापर्यंत होते.

प्रशांतचा हात बटणाकडे गेला. "शिट्टी येऊन राह्यली, सर, कमी करतो."

त्याचे बरोबर होते. जे चक्र मी दोष म्हणून तपासत होतो, ते हेच होते. फक्त या फळीच्या ताठरपणामुळे ते जिथे चढायला हवे तिथपर्यंत येऊन थांबले होते. अमेरिकन गिटार इथे किंचाळली असती. हे मला आधी कळले नव्हते. कोरियन घ्या असे सांगताना माझ्याकडची कारणे वेगळीच होती. मी प्रशांतचे मनगट धरले. आयुष्यात मी कोणाचे मनगट असे धरले नसेल.

"राहू द्या," मी म्हणालो. या वेळी 'बहुधा' नव्हते, 'असे म्हणता येईल की' नव्हते. "राहू द्या."

ती घूम राहिली. ताईंची मान सैल झाली, आणि त्या तिच्यावर उतरून गायल्या. पुढच्या रांगेतल्या बायका आधी गप्प झाल्या, मग त्यांच्यातल्याच एकीने त्याच खालच्या पट्टीत साथ धरली, मग आणखी कोणी. उंच पट्टीत आजवर कोणी त्यांच्याबरोबर गाऊ शकले नव्हते.

कार्यक्रमानंतर सुमनताई मंचामागे आल्या. गौतमराव गिटार पेटीत ठेवत होते. ताईंनी पेटीचे झाकण हाताने थोपवले आणि माझ्याकडे पाहिले.

"सर, ही बी ऐकते."

"हो," मी म्हणालो. "त्या दुसरीइतकी नाही."

"न्हाईच." त्यांनी एक तार हलकेच दाबून सोडली. "ती एकट्यात ऐकायची. ही चारचौघांत ऐकते."

मग त्यांनी स्वतःच झाकण लावले.